सबनीस काय बोलला?

शरीफाभाभी पुस्तक मागून उघडायच्या. रहस्यकथा हातात आली की आधी शेवटचं पान. खुनी कोण ते बघून घ्यायचं, "हं, हा व्हय," म्हणून मान हलवायची आणि मग पहिल्या पानावर यायचं. मी एकदा न राहवून म्हटलं, "भाभी, मग वाचायचं काय उरलं?"

हातातल्या बांगड्या फडक्यानं पुसत त्या म्हणाल्या, "सर, दार वाजलं की आधी उघडून बघतो ना कोण आलंय ते? तसंच हाय. खुनी कोण ते कळलं म्हंजे जिवाला घोर नाय. मग ह्या दोघांकडं निवांत बघता येतं."

हे दोघं म्हणजे दिनकर सबनीस आणि उमा. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला दोरीवर चिमटे लावून टांगलेल्या, खिशात मावणाऱ्या कादंबऱ्या ज्यांना आठवत असतील, त्यांनी सबनीसची पुस्तकंही पाहिली असतील. मुखपृष्ठावर पिस्तूल, मागं एक घाबरलेली बाई. आतल्या गोष्टीत त्या बाईचा पत्ता नसायचा. सबनीस हा पुण्यातला खासगी गुप्तहेर. भाड्याच्या दोन खोल्यांत ऑफिस. अंगानं उंच, डोक्यानं तल्लख आणि तोंडानं मुका म्हणावा इतका अबोल. उमा त्याची मदतनीस. टायपिंग तिचं, हिशेब तिचे, वेळ आली तर गच्चीवरून उडी मारणंही तिचंच. प्रत्येक पुस्तकात एकदा दोघं खोलीत एकटी सापडायची. सबनीस म्हणायचा, "उमा, मला तुला एक सांगायचं आहे." आणि फोन वाजायचा. फोनवर नेहमी इन्स्पेक्टर बर्गे. बर्गेलाही उमा आवडायची, त्यामुळं त्याचा फोन बरोबर त्याच वेळी कसा येतो, हे मालिकेतलं एकमेव न उलगडलेलं रहस्य होतं.

ही मालिका थोर वाङ्मयात मोडत नाही. खरं तर ती कशातच मोडत नाही. हे मी अधिकारानं सांगू शकतो. तो अधिकार कुठून आला, ते सांगायलाच लिहायला बसलोय.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमच्या घरासमोर शरीफाभाभींचं बांगड्यांचं दुकान होतं. रुंदीला इतकं बेताचं की दोन गिऱ्हाइकं आली की तिसरीनं पायरीवर थांबायचं. भिंतीला काचेची कपाटं, खाली गादी, गादीवर भाभी. त्यांचे यजमान युसूफभाई मागच्या बाजूला खोकी उघडत, माल लावत बसलेले. युसूफभाई दिवसभरात किती शब्द बोलतात यावर पेठेत पैज लागली असती, पण मोजण्यासारखं काही मिळालं नसतं. मालाला मंचरला गेले की येताना स्टँडवरच्या स्टॉलवरून सबनीसचं नवं पुस्तक आणायचे आणि काही न बोलता गादीच्या कोपऱ्यावर ठेवायचे. एकदा त्यांनी तेच पुस्तक दुसऱ्यांदा आणलं. भाभींनी ते परत वाचलं. आधी शेवटचं पान, रीतीप्रमाणे.

भाभी सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. ओठ हलवत, सावकाश वाचायच्या. पण वाचलेलं त्या स्वतःजवळ ठेवत नसत. काचेची बांगडी भरणं म्हणजे काय, हे ज्यांनी बाजूला उभं राहून पाहिलंय त्यांना ठाऊक असेल. हाताचा अंगठा आत दुमडायचा, तळवा दाबत दाबत बांगडी पुढं सरकवायची. अंगठ्याच्या हाडापाशी ती अडते. तिथं बाई हात आवळते, आणि आवळला की बांगडी जाते. म्हणजे फुटते, पण 'फुटली' हा शब्द त्या दुकानात चालत नसे, 'वाढवली' म्हणायचं. तर बाईनं हात आवळू नये म्हणून भाभी गोष्ट सांगायच्या. बांगडी हाडाशी आली की तिकडं सबनीस अंधाऱ्या जिन्यावर उमाचा हात धरायचा. "धरला?" म्हणून गिऱ्हाईक पुढं वाकायचं, हात सैल पडायचा, बांगडी मनगटावर. "धरला, पण पडू नये म्हणून धरला. मेल्याला दुसरं कारण सुचतच नाय."

"आणि खून कुणी केला, भाभी?" एखादी विचारायची.

"दिरानं. ते सोड गं. ऐक तू."

अशा रीतीनं जुन्नरच्या पेठेतल्या, आंबेगाव तालुक्यातल्या आणि पार डोंगरातल्या तळेघरापर्यंतच्या कितीतरी बायांना सबनीस आणि उमा ठाऊक झाली. त्यांतल्या एकीनंही पुस्तक उघडलं नसेल. लग्नाचा हिरवा चुडा भरायला भाभींना गावोगावचं बोलावणं असे. मांडव कुणाचाही असो, नवरीचा हात भाभींच्या हातात आणि बाकीच्या भोवती कोंडाळं करून. एका लग्नात नवरदेव वेशीवर आला तरी बाया उठेनात, कारण उमाला गुंडांनी गोदामात डांबलं होतं.

यातून पक्ष पडले. हे मला वाटतं जुन्नरलाच होऊ शकतं. आमच्या गल्लीतल्या पुष्पाताई अंगणवाडीत होत्या, त्या बर्गे पक्षाच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"बर्गे सरकारी नोकरीत हाय. क्वार्टर हाय. पेन्शन हाय. त्या सबनीसचं काय? ऑफिस भाड्याचं, नि उद्या खून व्हायचे थांबले म्हंजे?"

"खून कशाला थांबतील?" भाभी म्हणायच्या. "जमिनीच्या मोजण्या थांबल्यात का?"

"तरीबी. मी माझी पोरगी सबनीसला दिली नसती."

"तुझी पोरगी मागितलीय कुणी? आणि बर्गे नुसता बोलतो. लई बोलतो. येता जाता 'उमाजी, आप चाय लेंगी?' टीव्हीतनं शिकून आलाय. बाईला बोलणारा लागतो गं, पण बडबड्या नाय लागत."

"मग सबनीस कुठं बोलतो?"

इथं भाभी थोड्या अडायच्या. मग मागं खोक्यांच्या राशीत बसलेल्या युसूफभाईंकडं बोट करायच्या. "हे बघ. हे बोलतात का? सबनीस हा असाच. आत हाय, पण बाहेर येत नाय." युसूफभाई खोक्यावरचं लेबल नव्यानं वाचू लागायचे.

मी संध्याकाळी कधीमधी युसूफभाईंबरोबर पायरीवर चहा प्यायचो. आम्हा दोघांचं चांगलं जमायचं, कारण दोघांनाही बोलायचं नसायचं. मी इथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो. पुण्यातल्या एका प्रकाशकाची मुद्रितं तपासून देण्याचं कामही वर्षानुवर्षं करत आलो. तो प्रकाशक सबनीस मालिकेचा. मूळ लेखक म्हातारे झाले, त्यांच्यानं लिहवेना. प्रकाशकानं मला बोलावलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही इतकी तपासलीत, आता दोन-चार लिहूनच टाका. कव्हरवर नाव त्यांचंच राहील. कुणाला काही कळणार नाही." लेखकांचीही ना नव्हती.

मालिकेतली शेवटची सगळी पुस्तकं मी लिहिली. हे मी पहिल्यांदाच कुठंतरी लिहितोय. माझ्या बायकोला, सुनंदाला, मी पेपर तपासतोय असं सांगत असे. बोर्डाचे पेपर बारा महिने कसे येतात, असं तिनं कधी विचारलं नाही. आमच्यात विचारण्याची पद्धत नव्हती.

म्हणजे पहा: मी वरच्या मजल्यावर खिडकीशी बसून उमाला गोदामात डांबायचो, प्रकाशक ते छापायचा, युसूफभाई ते मंचरहून आणायचे आणि दोनेक महिन्यांनी समोरच्या दुकानातून मला ते ऐकू यायचं. ऐकू यायचं ते मी लिहिलेलं असायचंच असं नाही. माझ्या पुस्तकात दीडशे पानं तपास आणि दोन पानं सबनीस-उमा. भाभींच्या तोंडी तेच उलटं होऊन यायचं. दिरानं वहिनीला विष कसं दिलं, याची मी केलेली नाजूक गुंफण "दिरानं" या एका शब्दात आटपायची.

एकदा माझ्या हातून ढोबळ चूक झाली. उमाला मी एका पुस्तकात दोन काचेच्या बांगड्या घातल्या. असंच, वर्णन भरायला. आणि पुढं पन्नास पानांनी तिला अंधारात चोराच्या पाळतीवर बसवलं. पाळतीवर बसलेल्या बाईच्या हातात काचेच्या बांगड्या! पुस्तक छापून आल्यावर माझ्या ध्यानात आलं. म्हटलं, आता समोरच्या गादीवर आपली लाज निघणार. बांगडीच्या बाबतीत तरी निघणारच. त्या दिवशी मी मुद्दाम पायरीवर जाऊन बसलो. बोलावून घेतलेला मार थोडा कमी लागतो.

भाभींनी पुष्पाताईंचा हात हातात घेतलेला. आवाज अगदी खाली उतरवलेला.

"तिनं काढल्या नायत गं बांगड्या. इतकी हुशार बाई. काढता आल्या नसत्या का?"

"मग चोराला ऐकू जातील की!"

"चोराला जाऊ दे. सबनीस पलीकडं भिंतीआड व्हता ना. त्याला कळाय नको ही कुठं हाय, ठीक हाय का नाय? एवढ्यासाठी ठेवल्या. चोर पळाला तर पळाला."

पुष्पाताई बर्गे पक्षाच्या. पण त्यांनीही "अगं माझे बाई," म्हणून सुस्कारा सोडला. मी चहा तसाच ठेवून घरी आलो. माझ्या सर्वांत मोठ्या गलथानपणाला मालिकेतला सर्वांत मोठा प्रेमप्रसंग म्हणून मान मिळाला होता. आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. आपल्या घरातली माणसं शेजाऱ्याकडं जास्त मोकळेपणी बोलतात असं कळल्यावर येतो, तसा.

पुढच्या पुस्तकाच्या वेळी प्रकाशकाचा निरोप आला: खप बसलाय, लोक मोबाइलवर बघतात, हे शेवटचं. समारोप करा, कसाही करा. मला मोकळीक होती. लग्न लावलं असतं तर जुन्नर ते तळेघर बायांनी साखर वाटली असती. माझ्या मनातही तेच होतं. तसं मी अर्धं लिहिलंही होतं.

त्या सुमारास सुनंदा दुकानातून बांगड्या भरून आली. जेवायला वाढताना हसत होती. एरवी ती आमच्या स्वयंपाकघरात एकटी हसत नसे.

"काय झालं?"

"काही नाही हो. शरीफाभाभी. त्या सबनीसच्या पुस्तकाचं चाललं होतं. म्हणाल्या, लेखक बदललाय बहुतेक. आधीचा बरा होता. ह्या मेल्याला खून करता येतात, पण बायकोसमोर दोन शब्द बोलता येत नसणार. दोन माणसं एका खोलीत बसवली की ह्याला घाम फुटतो, नि फोन वाजवतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी कशाला काय म्हणू? हसले." भाकरी माझ्या ताटात टाकत ती म्हणाली, "पण त्या बोलल्या ते मात्र अगदी…" आणि पुढं बोलली नाही. तिला फोनही आला नव्हता.

मी जेवून वर गेलो आणि उमाला मारलं.

कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. मालिकेला शोकान्त उंची येईल. वास्तवात असंच होतं. लग्नात शेवट करणं बाळबोध. वर्गात मुलांना सांगावीत तशी कारणं. खरं कारण इतकंच, की दोन बायका हसल्या होत्या. बर्गेवर झाडलेली गोळी मी उमाला मध्ये आणून लावली. फोनसुद्धा वाजवला नाही. सबनीसला बोलायला वेळ होता, अर्धं पान होतं, आणि मी त्याला गप्प उभं केलं. शेवटच्या पानावर सबनीस एकटा खिडकीशी उभा आणि टाइपरायटरवर धूळ. वाक्य चांगलं जमलं होतं, हेही कबूल करतो.

पुस्तक छापून आलं. युसूफभाईंनी मंचरहून आणलं, गादीच्या कोपऱ्यावर ठेवलं. मी खिडकीत होतो. भाभींनी रिवाजाप्रमाणे मागून उघडलं. शेवटचं पान वाचलं. त्याच्या आधीचं वाचलं. मग पहिल्या पानाकडं आल्याच नाहीत. पुस्तक मिटलं आणि गादीखाली सारून दिलं. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याचा हात ओढून घेतला आणि एक शब्द न बोलता डझनभर बांगड्या भरल्या. तीन वाढवल्या. भाभींच्या हातून तीन! युसूफभाई उठले, काचा गोळा केल्या आणि परत जागेवर जाऊन बसायच्या ऐवजी गादीशेजारी बसले. संध्याकाळपर्यंत तिथंच होते.

मला वाटलं, आता हे सगळं थांबेल. आठ-पंधरा दिवस थांबलंही. मग एका दुपारी खिडकीतून आवाज आला.

"सबनीसचं पुस्तक आलं की नाय, भाभी?" पुष्पाताई.

"आलं ना."

मी पेन खाली ठेवलं.

"काय झालं मग?"

"भीमाशंकरला गेलेत दोघं. देवळात गर्दीत बायांच्या गळ्यातलं जातंय, त्याच्या तपासाला."

"कुणी नेलं?"

"फुलवाल्यानं. ते सोड. ऐक तू."

अशी सुरुवात झाली. उमा जिवंत होती आणि माझ्या पुस्तकांत कधी नव्हती इतकी जिवंत होती. तिला सर्दी व्हायची. ती सबनीसवर चिडायची. बर्गेला तिनं एकदा तोंडावर सांगितलं, की साहेब, तुम्ही माणूस चांगले आहात, पण तुम्ही श्वास कधी घेता? पुष्पाताईंनी त्या दिवशी पक्ष सोडला.

कॉलेजातली एक मुलगी, मंचरहून येणारी, मध्येच म्हणाली, "पण भाभी, मी स्टँडवर चाळलं ते पुस्तक. त्यात उमा मेलीय." दुकान गार पडलं. मी खिडकीत गार पडलो.

भाभींनी बांगड्यांवरची नजर उचलली नाही. "ती डुप्लिकेट गं."

"म्हणजे?"

"आजकाल सगळ्याच्या निघतात. खव्याची निघती, बियाण्याची निघती, बांगडीची निघती. वरनं चमक तीच, हातात घेतली की कळतं. पुण्यात कुणीतरी खोटं छापलंय. नाव त्याच लेखकाचं टाकलंय, पण आतला माणूस दुसरा. मी आणलं व्हतं एक चुकून. दोन पानांत कळलं."

बायांना ते लगेच पटलं. मुलीलाही पटलं. मला तर पटणं भागच होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

दिवस गेले तसं ते माझ्या मानेवर बसलं. एका बाईला आपण तिच्या नकळत दुखवलंय, आणि ती आपल्या समोर बसून मेलेल्या माणसाला रोज जेवू घालतेय, असं काहीसं. युसूफभाई याच काळात गेले. आजार थोड्या दिवसांचा. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर भाभी परत गादीवर बसल्या आणि सबनीस परत बोलायचा थांबला; म्हणजे गोष्ट चालायची, पण तो बोलायच्या जागी आला की भाभी दुसरीकडं वळायच्या. मला वाटलं, सांगून टाकावं. निदान शिव्या खाऊन मोकळं व्हावं. दुकानात कुणी नाही असं पाहून गेलो, पायरीवर न बसता आत गेलो.

"भाभी, ते उमा मेलेलं पुस्तक. ते मी लिहिलंय."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. "तुमी?"

"मी. आधीचीही काही मीच. लेखकांच्या नावानं."

"म्हंजे डुप्लिकेट तुमी काढली?"

मी म्हणणार होतो, डुप्लिकेट नव्हे, प्रकाशकाच्या संमतीनं, मूळ लेखकांची ना नव्हती. तोंडात शब्द तयार होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि म्हटलं, "हो."

"या अल्ला." त्यांनी पदर सावरला, दारातून रस्त्याकडं पाहिलं, आवाज उतरवला. "शिकले-सवरलेले तुमी सर. पोरांना शिकवता. आणि असलं काम?"

"चुकलं."

"वहिनींना ठावं हाय?"

"नाही."

"सांगू नका. मीबी नाय सांगणार. इज्जत जाती माणसाची." थोडा वेळ त्या कपाटातले डबे उगाच सरळ करत राहिल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण मारली कशाला? डुप्लिकेट काढायची तर काढायची. जित्ती ठेवून निघाली नसती का?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. सुनंदाचं हसणं, अर्धवट राहिलेलं वाक्य, सगळं होतं. मी म्हटलं, "सुचलं नाही दुसरं."

"व्हय," त्या म्हणाल्या, "ते कळतंच वाचताना."

माझ्या कबुलीचा एवढाच निकाल लागला. मला खुनी ठरायचं होतं. त्यांनी मला भेसळवाला ठरवलं आणि सोडून दिलं. पण त्या दिवसापासून मी पायरीवर दिसलो की गोष्ट थांबायची. "वाटाण्याला काय भाव हाय ओ, सर?" असं काहीतरी विचारायच्या. बाया गोंधळायच्या. मला समजायचं. खिडकीतून ऐकायला मात्र बंदी नव्हती, की त्यांना ठाऊक नव्हतं, कोण जाणे.

खिडकीतून जे कानावर आलं ते असं: भीमाशंकरचा तपास आटपला. फुलवाला सापडला. संध्याकाळ झाली आणि शेवटची एसटी निघून गेलेली. तेव्हा सबनीस आणि उमा तळेघरकडं पायी निघाली. (पुण्यातला एवढा मोठा गुप्तहेर, गाडी नाही का? "बंद पडली," भाभी म्हणाल्या.) रस्ता रानातला. कडेला पाटी: बिबट्यापासून सावध राहा, एकट्यानं फिरू नका, मोठ्यानं बोलत चाला. आमच्याकडं हे पोरासोरांना माहीत आहे. उसात जाताना माणसं मोबाइलवर गाणी लावतात. पण सबनीसच्या मोबाइलची बॅटरी उतरलेली. म्हणजे जन्मभर गप्प राहिलेल्या माणसाला तळेघर येईपर्यंत मोठ्यानं बोलणं भाग होतं, नाहीतर दोघांच्या जिवाशी गाठ.

"पहिल्यांदा त्यानं पाढे म्हटले," भाभींनी सांगितलं. बाया पोट धरून हसल्या. "सतराचा चुकला. उमानं दुरुस्त केला. मग कवायतीच्या आज्ञा म्हटल्या. मग वळणावर झाडीत काय तरी खसपसलं. तसा सबनीस तिला म्हणाला…"

"काय म्हणाला?"

"बांगड्या झाल्या. पुढच्या वेळी."

हे "पुढच्या वेळी" किती महिने चाललं. सुनंदा एकदा मला म्हणाली, "तुम्ही पुण्याला जाता ना, बघा की मिळतंय का ते पुस्तक. भाभी काही सांगत नाहीत." मी म्हटलं, बघतो. मी तर कागद घेऊनही बसलो होतो. तळेघरचा रस्ता, पाटी, झाडी, सबनीस. त्यानं काय म्हणावं? मी बऱ्याच ओळी लिहिल्या. प्रत्येक ओळीत तो व्याख्यान देत होता.

भाभी आता नाहीत. दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. त्यांना मी शेवटचं नीट पाहिलं ते माझ्या पुतणीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मंचरच्या पुढच्या वस्तीवर. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा, गुडघे धरलेले. तरी चुडा भरायला त्याच हव्यात म्हणून पुतणीनं हट्ट धरला आणि मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. हायवेला कांद्याच्या ट्रकांनी रस्ता अडवलेला. तासभर आम्ही दोघं गाडीत. एक अवाक्षर बोललो नाही. त्यांनी फक्त एकदा काच खाली करून म्हटलं, "आमचे हे असते तर तुमचं छान जमलं असतं."

आतल्या खोलीत बाया भरलेल्या. मला खुर्च्या आणायला सांगितलं होतं. मी दोन खुर्च्या उचलून दारात आलो तर पुतणीचा हात भाभींच्या मांडीवर, हिरव्या बांगड्यांचा जुडगा उघडलेला, आणि सुनंदा सगळ्यात पुढं, गुडघ्यावर हनुवटी टेकून. लग्नाच्या तेवीस-चोवीस वर्षांत मी तिला असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"…तर वळणावर खसपसलं," भाभी सांगत होत्या. "उमा थांबली. सबनीसबी थांबला. पाढे संपले व्हते. तिनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. बोला, म्हणाली, काय बी बोला. तसा तो म्हणाला…"

मी खुर्च्या हातात धरून तसाच उभा. भाभींनी मान वर केली. काळ्या चष्म्यातून त्यांना मी कितपत दिसलो कुणास ठाऊक, पण कळलं.

"सर, तुमी बाहेर."

"खुर्च्या ठेवतो."

"ठेवा नि निघा. तुमच्या देखत नाय सांगायची. उद्या बाजारात डुप्लिकेट निघंल."

बायांना त्यातलं काही कळलं नाही, पण सर्वांत जास्त हसल्या त्या. सुनंदाही हसली. मग तिनंच उठून मला हातानं हळूच मागं सारलं आणि दार लोटून घेतलं. फटीतून तेवढा भाभींचा हात दिसत होता. पुतणीचा अंगठा आत दुमडून, बांगडी पुढं सरकवत.

मी ओसरीवर उभा राहिलो. आत बोलणं इतकं खालच्या आवाजात चाललं होतं की शब्द पोचत नव्हते. मग तेही थांबलं. आणि मग एकच आवाज आला, सुनंदाचा:

"अगं बाई."